नेटवर्कवरच्या टेप ड्राइव्हचा टाइमआउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकअप सांभाळणाऱ्या मंडळींकडून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं एलटीओ ड्राइव्ह (बॅकअपच्या टेपचा प्रचलित प्रकार), लिनक्स सर्व्हर आणि आयस्कझी (नेटवर्कवरून ड्राइव्हला आज्ञा पाठवण्याची पद्धत) किंवा एनडीएमपी (फाइल साठवणाऱ्या यंत्राचा बॅकअप घेण्याचा प्रोटोकॉल) अशा मांडणीची आहेत, कारण सर्वाधिक प्रश्न त्याबद्दलच येतात. एरर नुकतीच आली असेल आणि टेप अजून ड्राइव्हमध्येच असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ३ वाचा.

१. टाइमआउट आला म्हणजे ड्राइव्ह बिघडला का?

बहुतेक वेळा नाही. टाइमआउटचा अर्थ इतकाच, की कोणीतरी वाट पाहणं सोडून दिलं. कोणी आणि कशाची वाट पाहत होतं, हे त्या एका ओळीत नसतं.

सर्व्हरपासून टेपपर्यंतच्या वाटेवर बरेच जण आपापलं घड्याळ लावून बसलेले असतात: बॅकअप सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टिमचा टेप ड्रायव्हर, आयस्कझी इनिशिएटर (जोडणीचं सर्व्हरकडचं टोक), मधली फायरवॉल आणि कधी टेप लायब्ररी (टेप ठेवणारं आणि रोबोने त्या ड्राइव्हमध्ये घालणारं कपाट). प्रत्येकाची मुदत वेगळी. ज्याची मुदत आधी संपते तो लॉगमध्ये एरर लिहितो आणि बाकीचे त्याच्यामागून कोसळतात. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारी एरर बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या कोसळणाऱ्याची असते. ड्राइव्ह त्या वेळी निमूट टेप गुंडाळत असण्याचीच शक्यता जास्त.

२. मग कोणाची मुदत संपली हे ओळखायचं कसं?

सेकंद मोजून. शेवटची आज्ञा गेली तेव्हापासून एरर येईपर्यंत किती वेळ गेला, ते लॉगमधून काढा. आमच्या मते या एका आकड्याइतकी उपयोगी दुसरी माहिती नाही.

१० सेकंदांच्या आसपास तुटलं, तर संशय आयस्कझीवर. ओपन-आयस्कझी (लिनक्सचा इनिशिएटर) दर ५ सेकंदांनी नूप नावाची छोटी पिंग पाठवतो आणि उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो. बरोबर ५ मिनिटांनी तुटलं, तर बॅकअप सॉफ्टवेअर पाहा. बॅक्युलामध्ये टेप उघडण्याची, गुंडाळण्याची आणि चेंजरची (टेप बदलणाऱ्या रोबोची) वाट पाहण्याची मुदत मुळात ५ मिनिटं असते, नेटबॅकअपचा क्लायंट रीड टाइमआउट ३०० सेकंदांचा, आणि अमांडा अंदाजाच्या टप्प्यात ३०० सेकंद थांबते. १५ मिनिटं म्हणजे लिनक्सचा एसटी ड्रायव्हर, म्हणजे टेपचा ड्रायव्हर; त्याची साधी मुदत ९०० सेकंद. अर्धा तास झाला असेल आणि तुमच्याकडे अमांडा असेल, तर तिचा डेटा टाइमआउट १८०० सेकंदांचा असतो. एक तास भरला की फायरवॉल. आणि ३ तास ५३ मिनिटं असा विचित्र आकडा दिसला, तर ती एसटी ड्रायव्हरची लांब मुदत आहे, १४,००० सेकंद. फाइल मार्क (टेपवरच्या दोन फाइलींमधली खूण) ओलांडणं, डेटाच्या शेवटाला जाणं अशा लांब चालणाऱ्या कामांना ती लागू होते.

हे सगळे कारखान्यातून आलेले आकडे. तुमच्याआधीच्या कोणी ते बदलले असतील तर ते वेगळे दिसतील, म्हणून चालू सेटिंग उघडून खात्री करा. आणि सर्व्हर, स्विच, लायब्ररी यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) जुळलेली नसतील तर आधी ती जुळवा. दोन लॉगमध्ये चार मिनिटांचा फरक असेल तर हे गणित जमणार नाही.

३. एरर आत्ताच आली आहे. जॉब पुन्हा चालवू का?

नको. आणि ड्राइव्हचं बटणही बंद करू नका.

डिस्कची आज्ञा फसली तर तीच पुन्हा पाठवता येते, कारण ब्लॉकचा पत्ता आज्ञेतच असतो. टेपवर ‘पुढचा ब्लॉक लिही’ अशी आज्ञा असते आणि ‘पुढचा’ कुठला, हे फीत कुठे थांबली आहे त्यावर ठरतं. सर्व्हरने वाट पाहणं सोडलं तेव्हा तो ब्लॉक लिहिला गेला होता की नव्हता, हे सर्व्हरला माहीत नसतं. म्हणूनच लिनक्सचा टेप ड्रायव्हर फसलेली आज्ञा आपणहून पुन्हा पाठवत नाही. रीसेट झाल्यावर तर तो जागा अनिश्चित मानतो आणि टेप गुंडाळेपर्यंत किंवा एखाद्या ठाऊक जागी नेईपर्यंत लिहूच देत नाही. ही एरर पाहून लोक चिडतात, पण ती तुमच्या जुन्या बॅकअपचं रक्षण करत असते.

आधी ड्राइव्हचा दिवा किंवा लायब्ररीचा पॅनेल पाहा. हालचाल चालू असेल तर ती संपू द्या. मग कर्नलचा लॉग आणि बॅकअपचा लॉग दुसरीकडे कॉपी करून ठेवा. त्यानंतर एमटी स्टेटस (टेपची स्थिती सांगणारी लिनक्सची आज्ञा) चालवा, टेप गुंडाळा, लेबल वाचून तीच टेप आहे ना ते बघा. शेवटचा पूर्ण झालेला जॉब वाचून पडताळता आला, तरच त्या टेपवर पुढे लिहायचा विचार करा. थोडीही शंका असली तर सॉफ्टवेअरमध्ये ती टेप भरलेली किंवा फक्त वाचनासाठी म्हणून नोंदवा आणि नवी टेप घ्या. एका टेपची किंमत जुन्या बॅकअपपुढे काहीच नाही.

वीज बंद करण्याचा धोका प्रश्न १० मध्ये आहे.

४. सगळीकडच्या मुदती वाढवून टाकल्या तर प्रश्न सुटेल ना?

काम खरोखरच लांब असेल तर हो. नवी एलटीओ-९ टेप, लांब फीत ओलांडणं, लायब्ररीची मोजणी ही कामं वेळ घेणारच. तिथे मुदत वाढवणं हाच बरोबर उपाय आहे.

पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) वाटेत हरवत असतील तर मात्र मुदत वाढवून हाती काहीच लागत नाही. १५ मिनिटांनी फसणारा जॉब दोन तासांनी फसेल आणि रात्रीची बॅकअपची वेळ वाया जाईल. साधी कसोटी अशी: तेच काम ड्राइव्ह थेट सर्व्हरला जोडून केलं तर पूर्ण होतं का, आणि किती वेळात? थेट जोडूनही तितकाच वेळ लागला तर मुदत वाढवा. थेट जोडल्यावर लगेच झालं तर नेटवर्क शोधा.

लिनक्सवर एमटीच्या एसटी-टाइमआउट आणि एसटी-लाँग-टाइमआउट या उपआज्ञांनी रूटला मुदत बदलता येते. सर्व्हर रीबूट झाला की ती मूळ पदावर येते, म्हणून कायमची हवी असेल तर एसटी-इनिटच्या फाइलमध्ये लिहा.

५. नवी कोरी एलटीओ-९ टेप घातली की दर वेळी माउंट (टेप ड्राइव्हमध्ये चढवून तयार करणं) टाइमआउट होतो. जुन्या टेप मात्र व्यवस्थित चालतात. टेप खराब आल्या का?

टेप चांगल्या आहेत. एलटीओ-९ ची प्रत्येक कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिची मापं घेतो आणि त्या फितीला जुळवून घेतो. याला सरासरी ४० मिनिटं लागतात, कधी दोन तासांपर्यंतही. तोवर ड्राइव्ह ‘तयार होत आहे’ असंच सांगत राहतो. बॅकअप सॉफ्टवेअर ५ मिनिटांनी कंटाळतं आणि माउंट फसला म्हणतं. नेटबॅकअपमध्ये हाच प्रसंग स्टेटस ५२ म्हणून दिसतो.

हे काम टेपच्या आयुष्यात एकदाच होतं. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे माउंटची मुदत दोन तासांहून थोडी जास्त ठेवणं. दुसरा, आम्हाला जास्त पसंत असलेला: नव्या टेपांचा गठ्ठा आला की दिवसा, बॅकअप नसताना, एकेक टेप ड्राइव्हमध्ये घालून हे काम उरकून घ्यायचं. लायब्ररीच्या पॅनेलवरून हे करायची सोय असेल तर उत्तमच. मात्र ते टेप जिथे वापरायच्या त्याच खोलीत आणि टेप तिथल्या हवेत दिवसभर मुरल्यावर करा. मधेच टेप ओढून काढू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

६. ड्राइव्ह दिसतो, लॉगिन होतं, स्टेटस येतो. पण लिहायला सुरुवात केली की लगेच अडकतो. असं का?

हे वर्णन ऐकलं की आम्ही पहिल्यांदा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, विचारतो. सर्व्हर आणि ड्राइव्हकडचा ब्रिज (ड्राइव्हला नेटवर्कशी जोडणारी पेटी) या दोन्ही टोकांना जम्बो फ्रेम म्हणजे ९००० बाइट चालू केलेलं असतं, आणि मधल्या एखाद्या स्विचचा एक पोर्ट १५०० वर राहिलेला असतो. लॉगिन, ओळख विचारणं, स्टेटस ही सगळी पाकिटं छोटी असतात, ती सहज निघून जातात. लिहिताना २५६ किलोबाइटचा ब्लॉक ९००० च्या पाकिटांत भरून निघतो आणि तो स्विच ती पाकिटं काही न कळवता टाकून देतो. टीसीपी तीच पाकिटं पुन्हा पाठवत राहतं, ती पुन्हा पडतात.

तपासणी सोपी आहे. सर्व्हरवरून ब्रिजला ८,९७२ बाइटची पिंग द्या, तुकडे करू नयेत या पर्यायासह. ९००० मधून आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे २८ बाइट वजा केले की हा आकडा येतो. ही पिंग गेली नाही आणि १,४७२ ची गेली, तर दोषी सापडला. टोकांची सेटिंग बघून समाधान मानू नका, वाटेतला प्रत्येक पोर्ट बघा. आज रात्रीचा बॅकअप वाचवायचा असेल तर दोन्ही टोकं तात्पुरती १५०० वर आणा. वेग थोडा कमी होईल, काम होईल.

७. एनडीएमपीचा बॅकअप रात्रभर चालतो, डेटा पूर्ण जातो, आणि शेवटी टाइमआउट म्हणून फसतो. हे कसं शक्य आहे?

एनडीएमपीमध्ये दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक नियंत्रणाची, पोर्ट १०००० वर. दुसरी डेटाची. डेटा तासन्‌तास धावत असतो तेव्हा नियंत्रणाच्या जोडणीवर जवळजवळ शांतता असते. मधल्या फायरवॉलला ती जोडणी मेलेली वाटते. पुष्कळ फायरवॉल निष्क्रिय टीसीपी जोडणी एका तासानंतर यादीतून काढून टाकतात, तेही दोन्ही टोकांना न सांगता. पहाटे फाइलर (फाइल साठवणारं यंत्र) ‘झालं’ असं कळवायला जातो तेव्हा ते पाकीट फायरवॉलवर आपटतं. सगळा डेटा टेपवर आहे, पण सॉफ्टवेअरच्या लेखी जॉब फसला.

इथे लिनक्सचा कीप-अलाइव्ह (शांत जोडणीवर मधूनमधून दिली जाणारी छोटी हाक) मदतीला येईल असं वाटतं, पण त्याची मूळ मुदत ७,२०० सेकंद आहे. म्हणजे फायरवॉल एका तासाने दार लावते आणि पहिली हाक जाते दोन तासांनी. ही मुदत १० मिनिटांवर आणा. शिवाय ज्या प्रोग्रॅमने आपल्या सॉकेटवर कीप-अलाइव्ह मागितलेला असतो त्यालाच तो मिळतो, म्हणून सॉफ्टवेअरमधला हार्टबीट किंवा कीप-अलाइव्ह पर्यायही चालू करा. सगळ्यात चांगलं म्हणजे बॅकअपच्या वाटेत फायरवॉल येऊच नये अशी वेगळी व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) असावी.

याचंच दुसरं रूप मोठ्या फाइलरवर दिसतं. कोट्यवधी छोट्या फाइल असल्या की सुरुवातीला नुसती डिरेक्टरींची यादी बनवण्यातच बराच वेळ जातो आणि तोवर डेटाची जोडणीही रिकामी असते. तेव्हा मोठ्या व्हॉल्यूमचे भाग पाडून वेगवेगळे जॉब करा.

८. आयस्कझी सेशन अधूनमधून क्षणभर तुटतं आणि पुन्हा जुळतं. डिस्कला काही होत नाही, टेपचा जॉब मात्र मरतो. का?

डिस्कची आज्ञा सेशन परत आल्यावर पुन्हा पाठवली जाते, टेपची नाही. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. त्यामुळे डिस्कसाठी सुरक्षित असलेलं नेटवर्क टेपसाठी सुरक्षित असेलच असं नाही.

आधी तुटण्याचं कारण शोधा. स्विचच्या पोर्टवर एररचे आकडे वाढताहेत का ते बघा, केबल बदलून बघा. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधली, पाकिटं गोल फिरत राहू नयेत म्हणूनची व्यवस्था) पोर्ट खाली-वर झाला की डेटा पुन्हा वाहायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद जातात, आणि नूप १० सेकंदांतच हार मानतो. सर्व्हर आणि ब्रिज जोडलेले पोर्ट एज पोर्ट म्हणून नोंदवा. बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर तिचा स्नॅपशॉट घेताना किंवा ती दुसऱ्या होस्टवर हलवताना ती काही क्षण गोठते. टेपचा जॉब चालू असताना हे दोन्ही करू नका.

त्यानंतर नूपची मुदत सैल करा. टेपसाठी १५ ते ३० सेकंद ठीक वाटतात. इथे एक गोष्ट पुष्कळांना अडवते: मुख्य कॉन्फिग फाइलमधला बदल फक्त यापुढे शोधल्या जाणाऱ्या टार्गेटना (जोडणीच्या ड्राइव्हकडच्या टोकांना) लागू होतो. आधीच नोंदलेल्या टार्गेटची नोंद वेगळी बदलावी लागते आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. फाइल बदलली, सेवा रीस्टार्ट केली, तरी फरक पडला नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक हेच झालेलं असतं.

९. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर एलटीओ-८ चालेल का?

चालेल, पण रडतखडत. १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात. पूर्ण उंचीच्या एलटीओ-८ चा मूळ वेग ३६० आहे आणि तो गती कमी करत साधारण ११० पर्यंतच खाली येऊ शकतो. त्याखाली डेटा आला की ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा वेग पकडतो. दर फेरीला काही सेकंद जातात, वेग कोसळतो, फीत आणि हेड दोन्ही झिजतात. डेटा दाबला जाणारा (कॉम्प्रेस होणारा) असेल तर गणित आणखी बिघडतं, कारण निम्म्यावर दाबल्या जाणाऱ्या डेटाचा सर्व्हरकडून दुप्पट पुरवठा लागतो.

एलटीओ-७ च्या पुढे १० गिगाबिटच घ्या, असंच आम्ही सांगतो. ते शक्य नसेल तर आधी बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर जमा करा आणि तिथून एका दमात टेपवर ओता. त्यासाठी ड्राइव्ह त्याच सर्व्हरला थेट जोडलेला असावा, नाहीतर शेवटचा टप्पा पुन्हा त्याच अरुंद वाटेने जाईल.

१०. वीज गेल्यानंतर एका टेपवर डेटाच्या शेवटाला जायला तास लागतात आणि मग टाइमआउट येतो. आधी दीड मिनिटात व्हायचं.

एलटीओ टेपच्या कार्ट्रिजमध्ये छोटी मेमरी चिप असते. फितीवर कुठे काय आहे याची सूची तिच्यात असते आणि टेप नीट बाहेर काढताना ती अद्ययावत होते. मधेच वीज गेली किंवा कोणी ड्राइव्ह बंद केला तर सूची शिळी राहते. मग शेवट शोधायला ड्राइव्हला फीत वाचत जावं लागतं. टेप-अलर्टमध्ये (ड्राइव्ह स्वतः देतो त्या क्रमांकित इशाऱ्यांमध्ये) १८ किंवा ५१ क्रमांकाचा इशारा दिसला तर हेच कारण. १८ म्हणजे लोड करताना सूची बिघडलेली सापडली, ५१ म्हणजे बाहेर काढताना ती अवैध होती.

टेपवरचा सगळा डेटा एकदा वाचून काढला की सूची पुन्हा बनते. भरलेल्या एलटीओ-८ साठी सेकंदाला ३६० मेगाबाइटच्या वेगानेही याला ९ तासांहून जास्त लागतील, म्हणजे एसटीची लांब मुदतही अपुरी. ती आधी वाढवा, सुट्टीच्या दिवशी हे काम लावा, आणि यूपीएसच्या जोडणीत टेप ड्राइव्ह आणि ब्रिज दोन्ही आहेत ना ते पाहा. सर्व्हर यूपीएसवर आणि ब्रिज भिंतीच्या सॉकेटवर, असं फार ठिकाणी असतं.

११. टेप पूर्ण पुसायला लावली तर टाइमआउट येतो.

पूर्ण पुसणं म्हणजे सबंध फितीवर लिहिणं. एलटीओ-९ वर १८ टेराबाइट आणि सेकंदाला ४०० मेगाबाइटचा वेग धरला तरी साडेबारा तास. पुन्हा वापरायच्या टेपला छोटं पुसणं किंवा नवं लेबल पुरेसं आहे. टेप संस्थेबाहेर जाणार असेल तेव्हाच पूर्ण पुसा.

१२. दुसऱ्या सर्व्हरलाही तोच ड्राइव्ह दिसतो. त्याने टाइमआउट येऊ शकतो का?

येऊ शकतो, पण आधी एरर नीट वाचा. ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ असेल तर तो टाइमआउट नव्हे. दुसऱ्या सर्व्हरने ड्राइव्ह राखून ठेवला आहे, किंवा तो सर्व्हर बंद पडला आणि आरक्षण मागे राहिलं आहे.

खरा त्रास आगंतुक विचारणांचा. विंडोज सर्व्हर ‘तयार आहेस का’ असं दर थोड्या वेळाने विचारत राहतो. देखरेखीचं सॉफ्टवेअर ड्राइव्हचे लॉग मागतं. कोणी तरी रीस्कॅन चालवतं. ज्या सर्व्हरला ड्राइव्ह वापरायचा नाही त्याला तो दिसूच नये. आयस्कझीमध्ये इनिशिएटरच्या नावावर परवानगी द्या, फायबर चॅनेलमध्ये प्रत्येक झोनमध्ये एकच इनिशिएटर ठेवा, आणि डिस्क व टेप यांना वेगळे एचबीए (सर्व्हरमधलं स्टोरेजचं कार्ड) पोर्ट द्या.

१३. दोन वाटा आहेत, मल्टिपाथ लावू का?

लिनक्सचं डीएम-मल्टिपाथ डिस्कसारख्या ब्लॉक उपकरणांसाठी आहे, टेपसाठी नाही. दोन वाटांनी एकच ड्राइव्ह दोन वेगळ्या नावांनी दिसेल आणि सॉफ्टवेअर त्यांना दोन ड्राइव्ह समजेल. पर्यायी वाट हवी असेल तर नेटवर्क कार्डांचं बाँडिंग करा आणि सेशन एकच ठेवा.

१४. एन्क्रिप्शन चालू केल्यापासून टाइमआउट सुरू झाले. वेग कमी झाला का?

एन्क्रिप्शन ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्येच होतं, त्याने जाणवण्यासारखा वेग कमी होत नाही. पण किल्ल्या लायब्ररीमार्फत, ‘की सर्व्हर’ म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून येत असतील, तर पहिला ब्लॉक लिहिण्याआधी ड्राइव्ह किल्लीची वाट पाहतो. ‘की सर्व्हर’शी बोलणं केएमआयपीवर (किल्ल्या मागण्याचा प्रोटोकॉल) असेल तर पोर्ट ५६९६ लायब्ररीच्या मॅनेजमेंट पोर्टवरून उघडा हवा. बॅकअप सर्व्हरवरून तपासून उपयोग नाही, कारण किल्ली तो मागतच नाही. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली तरी बॅकअप सर्व्हरवर नुसता टाइमआउट दिसतो. लायब्ररीचा स्वतःचा लॉग उघडल्याशिवाय हे कळत नाही.

१५. लायब्ररीचं दार उघडून टेप बदलल्या की पुढचा जॉब फसतो.

दार बंद झालं की रोबो सगळे कप्पे पुन्हा मोजतो. मोठ्या लायब्ररीत याला काही मिनिटं लागतात. मोजणी संपेपर्यंत थांबा, किंवा दार न उघडता मेल स्लॉट (टेप आत-बाहेर करायचा छोटा कप्पा) वापरा.

१६. आमच्याकडे पावसाळ्यातच जास्त टाइमआउट येतात. हा योगायोग आहे का?

नसावा. एलटीओ ड्राइव्ह आणि टेप चालवण्यासाठी सापेक्ष आर्द्रता साधारण २० ते ८० टक्के असावी लागते. जुलैत मुंबईत आणि कोकणात बाहेरची हवा याच्या वर सहज जाते. दुसऱ्या जागी ठेवलेल्या टेप गाडीतून दमट हवेत येतात आणि त्याच तासाला ड्राइव्हमध्ये जातात. नीट न लिहिलेला ब्लॉक ड्राइव्ह आतल्या आत पुन्हा लिहीत राहतो. बाहेरून ते नुसतं ‘आज्ञा अडकली’ असं दिसतं.

टेप आणल्यावर २४ तास मशीन रूममध्ये ठेवा, मग वापरा. टेप-अलर्ट २० म्हणजे ‘आत्ता सफाई करा’, तो दिसला तर क्लीनिंग कार्ट्रिज घाला. दिसला नाही तर उगाच घालू नका, सफाईची फीत हेड घासते. एसी रात्री बंद करायची पद्धत असेल तर ती मोडा. बॅकअप रात्रीच चालतो.

१७. आमची टेप व्हर्च्युअल आहे, क्लाउडवर. तरी हे सगळं लागू होतं का?

नेटवर्कचं सगळं लागू होतं, प्रश्न ६ आणि ८ खास करून. यांत्रिक काही नाही. एक अपवाद मात्र मोठा आहे: संग्रहात पाठवलेली टेप लगेच माउंट होत नाही. अॅमेझॉनच्या टेप गेटवेवर ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हलमधून टेप परत यायला साधारण ३ ते ५ तास लागतात, डीप आर्काइव्हमधून १२ तासांपर्यंत. ती आधी मागवा, हजर झाल्याची खूण आली की मग रिस्टोअर लावा. कुठलीही माउंट मुदत वाढवून हे साधायचा प्रयत्न करू नका.

१८. सगळं करून पाहिलं. आता कंपनीच्या सपोर्टला काय पाठवू?

एररची नेमकी वेळ आणि त्याआधीची शेवटची यशस्वी आज्ञा. कर्नल लॉगमधली एसटी ड्रायव्हरची पूर्ण ओळ: होस्ट बाइट ३ असेल तर टाइमआउट, १ असेल तर जोडणीच नव्हती, ८ असेल तर रीसेट. सेन्स कोड (ड्राइव्हने आकड्यांत दिलेलं एररचं कारण) असतील तर तिन्ही आकडे. टेप-अलर्टचे इशारे. ड्राइव्ह, ब्रिज, लायब्ररी यांचे फर्मवेअर क्रमांक. टेपचा बारकोड, आणि तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये काय करते ते. जमल्यास एरर येण्याच्या आधीपासूनचा पाकिटांचा कॅप्चर, ब्रिजकडच्या स्विच पोर्टवरून घेतलेला.

आणि ड्राइव्हचा डंप, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदींची प्रत. तो लायब्ररीच्या वेब पानावरून किंवा निर्मात्याच्या साधनाने काढता येतो. सपोर्टवाले फोनवर पहिलंच सांगतील, ‘ड्राइव्ह बंद करून चालू करा.’ त्याआधी डंप उतरवून घ्या, कारण बंद केल्यावर तो पुसला जाऊ शकतो.